सिलॅबसबाहेरचं पाणी

‘पालकाची सही’ या रकान्यात रमाबाईने सही केली आणि ‘विद्यार्थ्याशी नातं’ या रकान्यापाशी ती अडली.

“काय लिहू?”

“बायको लिही,” देवराम म्हणाला.

“चौदा वर्षांच्या पोराच्या फॉर्मवर?”

“मग आई लिही. तशीही दिवसभर ओरडतेसच.”

रमाबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं, ठसठशीत अक्षरात ‘बायको’ लिहिलं आणि पेन त्याच्या अंगावर फेकलं.

देवराम शेजवळ, वय वर्षं अठ्ठेचाळीस, टीन सेलिंग ट्रिपला निघाला होता. ट्रिप दोन दिवसांची. शिडाची बोट, शेकोटी, नेतृत्वगुणांचा विकास आणि शनिवारी स्कुबा डायव्हिंग. वयोगट तेरा ते सतरा. देवरामला नेतृत्वगुण नको होते, शेकोटीही नको होती. त्याला फक्त शनिवार हवा होता, कारण शनिवारच्या शेवटी कार्ड मिळणार होतं.

यात त्याची चूक एवढीच, की तो बावीस वर्षं पाण्याखाली काम करत होता आणि त्याचा कुठेही कागद नव्हता. मोहने गावाच्या पुढे नदीवर एक पंपहाऊस आहे. नदीचं पाणी आत घेतात तिथे पाण्याखाली लोखंडी जाळी आहे. तिला जलपर्णी, प्लॅस्टिक, गोण्या, गाद्या असं काय काय येऊन चिकटतं. एकदा स्कूटर आलेली, चावीसकट. जाळी बुजली की पंप धापा टाकायला लागतात. मग देवराम कमरेला दोर बांधतो, पंक्चरवाल्याकडे असतो तसल्या कॉम्प्रेसरची नळी दातांत धरतो, खाली उतरतो आणि हातांनी जाळी मोकळी करतो. चार-पाच हातांखाली तिथलं पाणी डांबरासारखं काळं असतं.

यंदा टेंडरमध्ये नवी अट आली. पाणबुड्या प्रमाणित असावा. अट कोणी घातली ते कोणालाच माहीत नव्हतं, पण ती टाइप झालेली होती, त्यामुळे खरी होती.

“शेठ, मी रोज उतरतो ते काय मग?” देवरामने कंत्राटदाराला, म्हणजे कमलेशशेठला विचारलं.

“ते प्रात्यक्षिक. हा कागद. सोमवारी माझ्या फाइलला कार्ड लागलं पाहिजे. नाही लागलं तर पाण्यात दुसरा माणूस उतरणार, मी काय करू सांग?”

आणि मग शेठनेच मार्ग काढला. शेठचा मेव्हणा हर्षित घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या पोरांच्या ट्रिपा काढत असे. त्याच्याकडे डायव्हरचं कार्ड द्यायचा अधिकार होता. ट्रिप भरलेली होती, पण सम्यक नावाच्या एका पोराला ऐन वेळी कांजिण्या आल्या. त्या कांजिण्यांच्या कृपेने देवरामला जागा मिळाली.

शनिवारी सकाळी सात वाजता तो टॉवरच्या गेटवर पोचला. वॉचमनने त्याला मागच्या, कामगारांच्या गेटकडे पाठवलं. तिथल्या रजिस्टरात ‘कामाचं स्वरूप’ असा रकाना होता. देवरामने ‘पोहणे’ असं लिहिलं. वॉचमनने ते वाचलं, त्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्याचं आधारकार्ड ठेवून घेतलं.

माहितीपत्रकात स्कुबा समुद्रात होतं. समुद्रात जायची परवानगी काढायची राहून गेली, म्हणून ते क्लबहाऊसच्या स्विमिंग पुलात ठेवलं होतं. खोली साडेपाच फूट. वातावरणनिर्मितीसाठी तळाशी प्लॅस्टिकचा एक ऑक्टोपस सोडला होता, त्याला वीट बांधून.

सगळ्यांना निळे टीशर्ट वाटले. छातीवर ‘मी खलाशी’. सगळ्यात मोठा टीशर्ट सोळा वर्षांच्या मुलाचा होता. देवरामने तो चढवला तेव्हा ‘मी’ एका काखेत गेला आणि ‘शी’ दुसऱ्या. पोटावर नुसतं ‘खला’ उरलं.

“सम्यक!” हर्षितने हजेरी घेतली.

पोरं इकडेतिकडे बघायला लागली.

“काका, तुम्ही. लिस्ट प्रिंट झालीय ना, आता चेंज नको.”

“हजर,” देवराम म्हणाला.

तेरा पोरं खो खो हसली. हर्षित सव्वीस-सत्तावीसचा, अंगाने तुकतुकीत. गळ्यातल्या दोरीला त्याची स्वतःची चार कार्डं लटकत होती. चालताना ती बैलाच्या घुंगरांसारखी वाजायची. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि पुस्तकात नसलेली कुठलीही गोष्ट त्याला दिसत नसे.

देवरामची जोडीदार म्हणून करिश्मा नावाची पंधरा वर्षांची मुलगी दिली. दातांना तारा, पायात दोन वेगवेगळे मोजे.

“काका, तुम्हाला पोहता येतं?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

“थोडंफार.”

“मला नाही येत. पप्पांना सांगू नका हं, त्यांनी क्लासची फी भरलेली.”

“पाण्याखाली पोहायचं नसतंच. हात चालवायचे. आणि घाई नाही करायची.”

परीक्षेत तीन गोष्टी होत्या. चष्म्यात शिरलेलं पाणी काढणं. तोंडातून सोडून दिलेली हवेची नळी शोधून परत तोंडात घालणं. तळाशी टाकलेल्या बारा रंगीत कड्या गोळा करणं. देवराम खाली गेला. चष्मा साफ केला. नळी सोडली आणि पोरं एक-दोन मोजेपर्यंत परत तोंडात धरली. मग गुडघ्यांवर सरकत, टाइल्सवरून तळवा फिरवत त्याने बाराही कड्या गोळा केल्या. शिवाय पुलाच्या कोपऱ्यातून कोणाचं तरी पैंजण आणि एक कवळी काढली. कवळी बघून पोरांनी शिट्ट्या मारल्या.

हर्षितने मात्र पाटीवर फुली मारली.

“फेल?” करिश्मा ओरडली. “सर, बाराच्या बारा आणल्या त्यांनी! वर दात आणले!”

“काकांनी पूर्ण वेळ डोळे बंद ठेवले. चौदा नंबरचं पान. डोळे मिटणं हे पॅनिकचं पहिलं लक्षण. डायव्हर घाबरलाय असं समजावं.”

“मी घाबरलेलो नाही, सर,” देवराम म्हणाला. “आमच्यात डोळे मिटूनच करतात. आमच्या कुंडलिक उस्तादांनी शिकवलेलं. काळ्या पाण्यात डोळे उघडे ठेवले की माणूस बघायला जातो आणि हात आळशी होतात. दिसत तर काहीच नाही. वर डोळ्यांत गाळ जातो तो वेगळा.”

“पण इथे दिसतंय ना, काका.”

इथे दिसत होतं.

“एक अटेम्प्ट अजून देतो,” हर्षित म्हणाला. “तुमच्यासाठी. डोळे उघडे ठेवा, बस.”

देवराम पुन्हा खाली गेला आणि त्याने डोळे उघडले.

बावीस वर्षांत त्याला पाण्याखाली पहिल्यांदा काहीतरी दिसलं. निळ्या टाइल्स दिसल्या. पोरांचे हडकुळे पाय दिसले, वीट बांधलेला ऑक्टोपस दिसला. आणि मग त्याला स्वतःचे हात दिसले. पाण्यात ते जवळ आल्यासारखे, मोठे वाटत होते. फुगलेली, पांढुरकी बोटं, जाळीने कापल्याच्या आडव्यातिडव्या खुणा, डाव्या करंगळीचं न उगवलेलं नख. हे हात इतकी वर्षं त्याच्याआधी खाली जात होते आणि काम करताना त्याने त्यांना कधी बघितलंच नव्हतं. तो बघत राहिला. तोंडातली नळी सोडायची म्हणून सोडली, मग ती कुठे गेली ते डोळ्यांनी शोधायला लागला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. हात तसेच समोर तरंगत होते, कोणी सांगेल तर हलू म्हणून. नाकातोंडात क्लोरीन गेलं. साडेपाच फूट पाण्यात देवराम शेजवळ गटांगळ्या खात उभा राहिला आणि खोकत खोकत त्याने पुलाची कड धरली.

“बघितलंत?” हर्षित हळूच म्हणाला. “पॅनिक.”

या वेळी पोरं हसली नाहीत. तेच जास्त लागलं.

करिश्मा पास झाली. तिने पूर्ण वेळ डोळे टक्क उघडे ठेवले होते, भीतीने.

दुपारी सगळ्यांना गायमुखच्या खाडीवर नेऊन शिडाच्या बोटीत बसवलं. देवरामला खरं तर घरी जायचं होतं, पण त्याचं आधारकार्ड टॉवरच्या गेटवर होतं आणि परत जाणारी बस ट्रिपबरोबरच होती. तो मागे, बोट चालवणाऱ्या तांडेल धाकूच्या शेजारी बसला. वारा पडलेला. दोन्ही शिडं वाळत टाकलेल्या चादरींसारखी लोंबत होती. त्यामुळे सेलिंग इंजिनावर चाललं होतं. पोरांनी शिडाखाली उभं राहून केस उडतायत असे फोटो काढले. केस उडवायला एकाने पुठ्ठा हलवला.

देवराम खाडीकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात आग पेटली होती. हर्षितपेक्षा त्याला स्वतःच्या हातांचा राग येत होता. भर पाण्यात, सोमवारच्या तोंडावर, यांना मिरवून घ्यायची हौस सुचली!

तेवढ्यात इंजिनाने गचका खाल्ला, धूर ओकला आणि बंद पडलं.

धाकूने मागे वाकून बघितलं. “पंख्याला जाला गुंडाललाय, सायेब. वहटी लागलीय. अर्ध्या तासान पानी गेला का चिखलान बसू. मंग सकालपर्यंत इथंच.”

“तुम्ही उतरा ना काका,” हर्षित धाकूला म्हणाला.

“माजे डोल्याचा आपरेशन झालाय. डाक्टर बोल्ला, पान्यान डोका घालशील त आंधला व्हशील. तुजे गल्यान ती चार कारडा हायेत ना? तू उतर.”

सगळ्या पोरांनी हर्षितकडे बघितलं. हर्षितने पाण्याकडे बघितलं. खाडीचं पाणी चहाच्या गाळासारखं, वर तेलाचा तवंग.

“व्हिजिबिलिटी झिरो आहे,” तो म्हणाला. “प्रोटोकॉल अलाउ करत नाही. मी हेल्पलाइनला फोन करतो.”

हेल्पलाइनने एक दाबायला सांगितलं, मग तीन दाबायला सांगितलं, मग गाणं लावलं. एका मुलीने रडायला सुरुवात केली. देवरामने टीशर्ट काढला, धाकूच्या कमरेची सुरी घेतली आणि पाण्यात गेला.

खाली गेल्यागेल्या त्याने डोळे मिटले आणि हात आपसूक कामाला लागले. पंख्याभोवती नायलॉनचं जाळं, जाळ्यात साडी, साडीत जलपर्णीची मुळं. बोटांनी एकेक पदर ओळखला. आधी साडी, मग जाळं, उलट्या दिशेने. सहा वेळा वर येऊन त्याने श्वास घेतला. सातव्यांदा आला तेव्हा हातात जाळ्याचा बोळा होता.

“चालू करा,” तो धाकूला म्हणाला.

इंजिन चालू झालं. पोरांनी बोट डोक्यावर घेतली. हर्षितने सगळं शूट केलं होतं. जेट्टी यायच्या आत त्या व्हिडिओला गाणंही लावून झालं.

“सर,” करिश्मा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “आता तरी द्या ना काकांना कार्ड.”

“अगं, मी मनापासून रिस्पेक्ट करतो त्यांना. पण हे सिलॅबसबाहेरचं आहे.”

देवराम बोटीच्या कडेला टीशर्ट पिळत होता. तो पिळतच राहिला. पाणी संपलं तरी पिळत राहिला. शिवण उसवल्याचा आवाज आला तेव्हा धाकूने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

जेट्टीवर समारंभ झाला. तेरा जणांना कार्डं मिळाली. देवरामला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर टोपी घातलेला डॉल्फिन होता आणि खाली छापलं होतं: चिरंजीव सम्यक, इयत्ता नववी, याने पाण्याची भीती घालवण्याचा चांगला प्रयत्न केला.

सोमवारी कमलेशशेठ पंपहाऊसवर नवीन रजिस्टर घेऊन आला. मागून गाडीतून हर्षित उतरला, काळा रबरी सूट घालून. बाहेर उन्हाचा तडाखा होता आणि तो आत शिजत होता.

“टेन्शन संपलं, देवराम,” शेठ म्हणाला. “फाइलला याचं कार्ड लागलं. डायव्हर हर्षित, हेल्पर तू. तुझं काम तेच. पगार तोच.”

“पाण्यात कोण उतरणार?”

“तूच रे! त्याला कुठे जमणार ते?”

“मग लिहिणार काय?”

“सांगितलं ना. डायव्हर हर्षित. तू खाली गेलास की तो काठावर थांबेल. म्हणजे कागदावर तो खाली असेल आणि तू काठावर. सिंपल.”

दोन दिवस जाळीकडे कोणी बघितलं नव्हतं. आत पंप धापा टाकत होते. पंपचालक तानाजी दारात येऊन हातानेच ‘लवकर’ अशी खूण करून गेला. देवरामने दोर उचलला. मग तो नीट गुंडाळून खुंटीला अडकवला.

“माझं नाव लिहा, शेठ.”

“अरे बाबा, कागदाला चालत नाही ते.”

“मग कागदाला उतरवा.”

शेठ हसला. देवराम हसला नाही, हे लक्षात आल्यावर तो थांबला.

“देवराम, माज करू नको. जाळी तुंबलीय.”

“माज?” देवरामचा आवाज चढला, आणि बावीस वर्षांत त्या पंपहाऊसमध्ये कोणी न ऐकलेला तो आवाज पंपांच्याही वर गेला. “विसर्जनानंतर नदीत पोरं बुडतात, तेव्हा पहाटे पोलिसांची गाडी कोणाच्या दारात येते? मढं वर काढताना कोणी म्हटलं नाही, थांब, आधी कार्ड दाखव. तीन दिवस पाण्यात असलेलं पोर मी या हातांनी जाळीतून सोडवलंय. आईच्या हातात दिलंय. पंचनाम्यात काय लिहिलेलं माहितीय? ‘सदर प्रेत वर आले.’ आपोआप! लिफ्टने आल्यासारखं! खाली मी होतो, शेठ. प्रत्येक वेळी खाली मी होतो. आता हेल्परपण मीच, काठावर पण मीच, आणि खाली हा? हा?”

हर्षितने मान खाली घातली. गळ्यातली कार्डांची घुंगरं वाजली नाहीत. “भाऊजी, त्यांचं नाव लिहायला काय हरकत आहे?”

“तू गप्प बस. तू प्रमाणित आहेस.”

“मग मी ट्राय करतो,” हर्षित म्हणाला. पायऱ्या उतरून तो कमरेपर्यंत पाण्यात गेला, छातीपर्यंत गेला, मग काहीतरी मऊ त्याच्या मांडीला घासलं आणि तो जितक्या वेगाने वर आला तितक्या वेगाने त्याच्या गळ्यातलं एक कार्ड येऊ शकलं नाही. ते नदीनेच ठेवून घेतलं.

“काहीच दिसत नाही तिथे,” तो धापा टाकत म्हणाला.

“डोळे मिटा, सर,” देवराम पायरीवर बसत म्हणाला. “पण नापास व्हाल.”

अकरा वाजता तानाजीने दोन नंबरचा पंप बंद केला. साडेअकराला एक नंबरचा. शेठ आधी फोनवर ओरडला, मग फोनवर गयावया करायला लागला. मग देवरामजवळ येऊन बसला, त्याला तंबाखू दिली, घरच्यांची चौकशी केली. देवरामने तंबाखू घेतली, घरचे बरे आहेत म्हणून सांगितलं.

“फक्त एवढ्या वेळी उतर. पुढच्या टेंडरला बघू.”

“नाव.”

“अरे, माझ्या हातात असतं तर…”

“पेन तर तुमच्या हातात आहे, शेठ.”

पाच वाजता देवराम डबा घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, पायरीवर बसला, पाच वाजता परत गेला. रजिस्टरात दोन्ही दिवस डायव्हर हर्षित पाण्यात उतरला असल्याची नोंद होती.

बुधवारी त्यांच्या गल्लीतल्या नळाने दोनदा उचकी दिली, थोडी हवा सोडली आणि तो बंद पडला. रमाबाईने रिकामी कळशी नळाखालून काढली. देवराम चहा पीत होता. चहा कालच्या पाण्याचा होता.

“लिहितायत का नाव?”

“नाही.”

“उतरणार आहेस?”

“नाही.”

तिने मोरीतला मोठा हंडा आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. “मग टँकरच्या लाइनीत तू उभा राहा. माझी कंबर धरलीय.”

रांग गल्लीच्या तोंडापासून मेडिकलपर्यंत गेली होती. देवरामचा नंबर विसावा-बाविसावा असेल. वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं, की देवराम पाण्याच्या ऑफिसात आहे. तिथे नक्की काय करतो, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. ऊन चढत होतं. पुढे एक पोरगं हंड्यावर डोकं ठेवून झोपलं होतं.

“पंपहाऊसला म्हणे कोणी डायव्हर आहे,” त्याच्या पुढचा मधु सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. “तो रुसून बसलाय. एका माणसापायी एवढ्या लोकांनी तहानेने मरायचं? कोण आहे तो भडवा, एकदा समोर तरी येऊ दे.”

“मी,” देवराम म्हणाला.

मधु वळला. मागची बाई बोलता बोलता थांबली. थांबलेलं बोलणं रांगेतून मागे मागे सरकत मेडिकलपर्यंत गेलं.

“तू डायव्हर आहेस?” मधुने विचारलं.

“हो.”

कोणी शिवी दिली नाही. झोपलेलं पोरगं जागं झालं आणि सगळ्यांची तोंडं बघायला लागलं. टँकर आला. रांग सरकली, पण देवरामच्या मागची बाई हंडा न उचलता तशीच उभी राहिली, त्याच्याकडे बघत.

देवरामने आपला हंडा उचलला. रांगेच्या कडेने चालत तो मेडिकलपर्यंत गेला, शेवटच्या कळशीच्या मागे त्याने तो ठेवला आणि त्याच्याशेजारी ताठ उभा राहिला.